दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग यूसी: हिशेब उलटा मांडावा लागतो

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत मार्च महिना जरा जड जातो. यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, निकाल लागतात. बर्कली कॅम्पसचा नकार, अर्व्हाइनची वेटलिस्ट, मनातलं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठेच नाही. मग कुणीतरी डी अँझा या कम्युनिटी कॉलेजाचं नाव काढतं, आणि पुढच्या मंडळाच्या कार्यक्रमात ठरलेला प्रश्न येतो: "अगं बाई, म्हणजे त्याला कुठेच मिळालं नाही का?"

या प्रश्नामागे समजूत अशी की कम्युनिटी कॉलेज म्हणजे मागचं दार. प्रत्यक्षात हे दार राज्याने आराखडा काढून बसवलंय. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, त्या वेळी क्लार्क केर यूसीचे अध्यक्ष होते. शाळा संपवणाऱ्यांपैकी वरच्या एक अष्टमांश मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजं, म्हणजे आजची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू), आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज, अशी वाटणी ठरली. सोबत एक अट घातली गेली: कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षं नीट केलेल्यांसाठी वरच्या दोन्ही ठिकाणी तिसऱ्या वर्षाला जागा ठेवायची. अशा प्रवेशालाच ट्रान्सफर म्हणतात. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. थेट आलेल्या दर दोन मुलांमागे एक ट्रान्सफर, हे यूसीचं उद्दिष्ट आहे आणि ट्रान्सफर घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं याच कॉलेजांतली असतात. यूसीएलएला शाळेतून अर्ज करणाऱ्यांपैकी दहातल्या एकालाही धड प्रवेश मिळत नाही, ट्रान्सफर अर्जदारांपैकी मात्र साधारण चारातल्या एकाला मिळतो. अ‍ॅपलचे स्टीव्ह वॉझनियाकही डी अँझात शिकून मग बर्कलीला गेले होते.

चारात एक हा आकडा सगळ्या मेजरची सरासरी आहे, हे मात्र विसरू नका. कॉम्प्युटर सायन्सचा दर त्यापेक्षा फार खाली असतो. यूसी स्वतः कॅम्पस आणि मेजरनुसार ट्रान्सफरचे आकडे जाहीर करते, किती अर्ज आले, किती घेतले, घेतलेल्यांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, कुठून कुठपर्यंत होता. मंडळातल्या ऐकीव गोष्टींपेक्षा ते तक्ते वाचावेत.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण ते सोपं आहे. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. वर्षाची ३० युनिटं धरली तर १,३८० डॉलर. यूसीत रहिवाशाची नुसती फी वर्षाला १५ हजारांच्या आसपास, सीएसयूत त्याच्या निम्म्याहून कमी. त्यात मूल घरी राहिलं तर खोलीभाडं आणि मेसचा खर्चही वाचतो. शेवटी हातात पडणारी पदवी यूसीचीच असते, तिच्यावर "दोन वर्षं दुसरीकडे" असं कुठे छापलेलं नसतं.

आता खरी गोष्ट.

किती युनिटं, की कोणती युनिटं?

पहिल्या दिवसापासून मुलाच्या कानावर एकच आकडा पडतो: ६०. साठ सेमिस्टर युनिटं झाली की तुम्ही ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या वर्षाचे, आणि ट्रान्सफरला पात्र. क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे वर्षात दोन सेमिस्टरऐवजी तीन छोट्या टर्म असलेल्या, कॉलेजात हाच आकडा ९०. बरोबरच आहे. पण साठ युनिटं पूर्ण करून, उत्तम ग्रेड मिळवून, तरीही हव्या त्या मेजरला नकार मिळालेली मुलं दरवर्षी असतात, कारण ती साठ युनिटं चुकीची होती.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एखादा विषय यूसीला "ट्रान्सफरेबल" आहे याचा अर्थ एवढाच की यूसी त्याची युनिटं मोजेल. तो विषय तुमच्या मेजरच्या एखाद्या ठरावीक विषयाची जागा घेतो का, हा वेगळा प्रश्न. त्याला "आर्टिक्युलेशन" म्हणतात आणि त्याचे करार कॉलेज, कॅम्पस आणि मेजर अशा प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र असतात. डी अँझाचा एखादा प्रोग्रॅमिंगचा विषय यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला चालेल, पण सॅन डिएगोला तोच विषय दुसऱ्या एका विषयाच्या जोडीनेच चालेल, असं होऊ शकतं.

आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट द्वितीय वर्षाला जाण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. तिथे डिप्लोमाचा अभ्यासक्रम बोर्ड ठरवतं, मुलाने पास व्हायचं आणि कॅप राउंडला बसायचं. इथे अभ्यासक्रम मुलाने स्वतः जुळवायचा असतो. कॉलेजचा कॅटलॉग शेकडो विषयांचा, आणि त्यातून चुकीचा विषय निवडला तर कुणी हात धरत नाही.

हे सगळे करार असिस्ट डॉट ऑर्ग या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तुमचं कॉलेज निवडा, जायचा कॅम्पस निवडा, मेजर निवडा. दोन रकान्यांचा कागद उघडतो: डावीकडे यूसीला हवा असलेला विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याचा जोडीदार. काही ठिकाणी उजवीकडे जोडीदार नाही असंही लिहिलेलं असतं. मग शेजारच्या कॉलेजात तो आहे का ते बघायचं. सनीव्हेलच्या मुलाला डी अँझा, फुटहिल, मिशन, वेस्ट व्हॅली सगळी हाताशी आहेत, आणि एकाच वेळी दोन कॉलेजांत नाव नोंदवायला कुणाची हरकत नसते.

एका कॅम्पसचा कागद पाहून थांबू नका. अर्ज चार-पाच ठिकाणी जाणार असेल तर तेवढे कागद शेजारी ठेवा आणि सगळीकडे लागणारे विषय आधी घ्या. एकाच कॅम्पसला लागणारा विषय सर्वात शेवटी. कागदाची प्रत जतन करा, कारण करार दरवर्षी नव्याने निघतात आणि विषय ज्या वर्षी घेतला त्या वर्षीचा करार धरला जातो.

मागून पुढे मोजा

आता उलटा हिशेब. फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या टर्ममध्ये, यूसीत बसायचं, तर मेजरच्या तयारीचे विषय त्याआधीच्या स्प्रिंगपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या टर्मपर्यंत, संपलेले हवेत. उन्हाळ्यावर ढकललेला महत्त्वाचा विषय बहुतेक ठिकाणी चालत नाही. आणि अर्ज कधी? आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू केलेल्या मुलाने अर्ज भरताना हातात असतं ते पहिलं वर्ष आणि एक उन्हाळा. चालू टर्मचे ग्रेड जानेवारीत अर्जात भरून कळवायचे, याला ट्रान्सफर अ‍ॅकॅडेमिक अपडेट म्हणतात. लोक म्हणतात दोन वर्षं आहेत. निर्णय ज्यावर होतो ते दीड वर्षच असतं.

इंजिनिअरिंगचं उदाहरण घेऊ. डी अँझा क्वार्टर पद्धतीने चालतं, फॉल, विंटर, स्प्रिंग. कॅल्क्युलस चार क्वार्टरचं, त्यावर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनियर अल्जिब्रा. एकामागून एक घेतले तर सहा क्वार्टर, म्हणजे नेमकी दोन वर्षं. फिजिक्सची साखळी कॅल्क्युलसला बांधलेली, ती आधी सुरू करता येत नाही. आता मुलाने पहिल्या क्वार्टरला "जरा दमाने घेऊ" म्हणून प्रीकॅल्क्युलस घेतलं, किंवा गणित विंटरवर ढकललं आणि आधी मानसशास्त्र, चित्रपट रसग्रहण असं काही उरकलं. तो क्वार्टर परत मिळत नाही. मग उन्हाळ्यात गणित, नाहीतर दोन विषय एकत्र, नाहीतर तिसरं वर्ष. तिसरं वर्ष घेणं वाईट नाही, अनेक जण घेतात आणि शहाणपणाने घेतात. ते ठरवून घ्यावं, सापडून नव्हे.

साखळी अर्ध्यात मोडून कॉलेज बदलू नका. ही चूक फार होते. पहिलं कॅल्क्युलस ओलोनीला, म्हणजे सेमिस्टरच्या कॉलेजात, आणि पुढचं डी अँझाला क्वार्टरमध्ये घेतलं की दोन्हीकडचे धडे नेमके जुळत नाहीत, आणि करारात अनेकदा पूर्ण साखळी एका कॉलेजातूनच मागितलेली असते. सुटा विषय कुठूनही घ्या, साखळी एका जागी पूर्ण करा.

यूसीच्या किमान अटी वेगळ्या आहेत आणि त्या तुलनेने सोप्या: दोन इंग्रजी लेखनाचे विषय, एक गणिताचा, आणि कला-मानव्य, समाजशास्त्र, विज्ञान यांतल्या किमान दोन गटांतून चार. रहिवाशाला जीपीए किमान २.४, बाहेरच्याला २.८. एवढ्यावर अर्ज भरता येतो. स्पर्धेच्या मेजरला प्रवेश एवढ्यावर कुणी देत नाही.

जनरल एज्युकेशनचा, म्हणजे मेजरबाहेरच्या सर्वसाधारण विषयांचा, वेगळा पॅक आहे, कॅल-गेटसी. २०२५ च्या फॉलपासून यूसी आणि सीएसयू दोन्हींसाठी हाच, ११ विषय, ३४ युनिटं. इतिहास, अर्थशास्त्र, इंग्रजी साहित्य अशा मेजरला तो पूर्ण करून जाणं फायद्याचं. इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या मुलांनी मात्र आधी मेजरची तयारी पुरी करावी. गणित अर्धवट ठेवून कॅल-गेटसी पुरा करणाऱ्या मुलाला मी तरी हुशार म्हणणार नाही, त्याला कुणी काहीही सांगितलेलं असो.

हमी कशाची आहे, ते वाचा

टॅग, म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. यूसीचे सहा कॅम्पस ती देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए पूर्ण केला की प्रवेश नक्की. सहापैकी एकाच कॅम्पसला करता येते, आणि अर्ज फक्त सप्टेंबरमध्ये, १ ते ३० तारखेपर्यंत. त्यानंतर यूसीचा मुख्य अर्जही भरावाच लागतो. टॅग भरलं म्हणून स्वस्थ बसलेल्यांची हमी हवेत जाते. मोठी मेख मेजरची: कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगचे कित्येक विभाग टॅगमधून वगळलेले आहेत. यादी दरवर्षी ताजी बघा. तरीही, तुमचं मेजर टॅगमध्ये बसत असेल तर न भरण्याचं एकही कारण मला सुचत नाही. हातात एक जागा ठेवून मग बर्कलीला निर्धास्त अर्ज करता येतो.

सीएसयूची हमी वेगळ्या जातीची. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, म्हणजे एडीटी, ही २०१० च्या कायद्याने आली. ती घेतली की सीएसयूच्या कुठल्यातरी कॅम्पसला जागा नक्की आणि तिथे उरलेल्या ६० युनिटांत पदवी. "कुठल्यातरी" हा शब्द दोनदा वाचा. सॅन होजे स्टेटच मिळेल, हवं तेच मेजर मिळेल, असं त्यात नाही. यूसीला या डिग्रीची हमी लागू होत नाही.

"आधी सोप्या मेजरला शिरू, मग कॉम्प्युटर सायन्सला बदलून घेऊ" ही युक्ती मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मोठ्या आत्मविश्वासाने फिरते. ट्रान्सफरच्या मुलाकडे उरलेली असतात दोन वर्षं, आणि बहुतेक कॅम्पसनी गर्दीच्या मेजरची आतली दारं बंद केलेली आहेत किंवा जेमतेम किलकिली ठेवली आहेत. ज्या मेजरची पदवी घ्यायची तयारी आहे, त्याच मेजरला अर्ज करा.

ग्रेड, आणि शाळेतच सुरू झालेला रेकॉर्ड

एक आनंदाची बातमी: ट्रान्सफरला एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघत नाहीत, आणि निर्णय कॉलेजच्या अभ्यासावर होतो. हायस्कूलच्या अकरावीत घसरलेला जीपीए इथे आडवा येत नाही.

पण हायस्कूलमध्ये असताना मुलाने डी अँझाचे वर्ग केले असतील, ड्युअल एन्रोलमेंट म्हणून, तर ते ग्रेड कॉलेजचे आहेत. ते कायमचे रेकॉर्डवर बसतात आणि ट्रान्सफरच्या जीपीएमध्ये मोजले जातात. "उन्हाळ्यात बसूनच आहे, एक क्लास कर" म्हणत पंधरा वर्षांच्या मुलाला अवघड विषयात ढकलणाऱ्या पालकांनी हे आधी समजून घ्यावं. तिथला डी चार वर्षांनी भेटतो.

विषय जमत नसेल तर मुदतीत सोडा. पहिली मुदत पाळली तर नोंदही राहत नाही, दुसरी पाळली तर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, लागतो, तो जीपीएत धरत नाहीत. एखादा डब्ल्यू चालतो, रांग लागली की प्रश्न विचारले जातात. डी किंवा एफ पडला तर तो विषय पुन्हा करता येतो. सी पडला तर नाही, तो सी तुमचा झाला. म्हणूनच कॅल्क्युलसमध्ये मिडटर्मनंतर सी दिसू लागला तर ताणायचं की सोडायचं, हा निर्णय मुदतीच्या आधी घ्यायचा असतो, आईबाबांना सांगायला संकोच वाटला तरी.

अर्जात चार प्रश्नांची उत्तरं लिहायची, प्रत्येकी ३५० शब्दांत. एक सक्तीचा: या मेजरसाठी तुम्ही काय तयारी केली? बाकी सातांतून तीन निवडायचे. सक्तीच्या प्रश्नात मुलं लहानपणच्या लेगोपासून सुरुवात करतात. त्याऐवजी कोणत्या वर्गातल्या कोणत्या प्रकल्पात काय बनवलं, कुठे अडलं, ट्युटरिंग सेंटरला कुणाला काय शिकवलं, हे सरळ लिहावं. शिफारसपत्रं यूसी सहसा मागत नाही, तेव्हा प्राध्यापकांमागे धावायची गरज नाही.

काउन्सेलरकडे जरूर जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात आणि त्यांना सगळ्या मेजरचे बारकावे तोंडपाठ नसतात. असिस्टचे कागद आणि स्वतः आखलेला टर्मवार तक्ता समोर ठेवा आणि "यात काय चुकतंय?" असं विचारा. कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये यूसीच्या कॅम्पसचे प्रतिनिधी येतात, त्यांनाही हाच तक्ता दाखवा.

व्हिसाचा गुंता

आपल्या घरांना हा भाग वेगळा भिडतो. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेलं मूल कॅलिफोर्नियात रहिवासी म्हणून फी भरू शकतं; तो व्हिसा त्याला आड येत नाही, राज्यात एक वर्षाहून जास्त राहिल्याचे आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे लागतात. फेडरल आर्थिक मदत मात्र एच-फोरला मिळत नाही. आणि २१ व्या वाढदिवसाला एच-फोर संपतो. अठराव्या वर्षी कॉलेज सुरू केलेलं मूल विसाव्या वर्षी यूसीत जातं आणि पहिल्याच वर्षात एकवीसचं होतं, म्हणजे ग्रीनकार्डची रांग हलली नाही तर ऐन ट्रान्सफरच्या धामधुमीत एफ-वन या विद्यार्थी व्हिसाचे कागद करायचे. एफ-वनवर रहिवासी दर्जा मिळवता येत नाही, आणि यूसीत बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला आणखी ३५ हजार डॉलरहून जास्त भरावे लागतात. म्हणून त्या कॅम्पसच्या रेसिडेन्सी ऑफिसला स्टेटस बदलण्याच्या आधी लेखी विचारा आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्या. शेजाऱ्यांच्या मुलाचं काय झालं यावर हा निर्णय सोडू नका.

पुण्या-नागपुरातून थेट एफ-वनवर कम्युनिटी कॉलेजला यायचा विचार करणाऱ्यांनी ४६ डॉलरचा आकडा विसरावा, तो रहिवाशांचा. तुमचा दर त्याच्या कित्येक पट असतो, दर टर्मला किमान १२ युनिटं घ्यावीच लागतात, आणि बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नसल्याने बे एरियाचं भाडं तुमच्याच डोक्यावर. दोन वर्षांनी यूसीतही बाहेरचीच फी. चार वर्षं यूसीत काढण्यापेक्षा बचत नक्की होते, पण ही वाट स्वस्त आहे असं म्हणता येणार नाही.

आणखी एक. भारतात वर्षभर इंजिनिअरिंग केलं, दोन केटी राहिल्या, आणि ते सोडून इथे आलात, तर ते वर्ष अर्जात लिहावंच लागतं. बारावीनंतरच्या प्रत्येक कॉलेजची माहिती यूसी मागते. "त्यांना कसं कळणार" या भरवशावर ते लपवलं आणि पुढे उघड झालं, तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. त्या केट्यांचं स्पष्टीकरण द्यायला अर्जात जागा आहे, तिचा उपयोग करा.

एप्रिलनंतर

ट्रान्सफरचे निकाल एप्रिलच्या अखेरपर्यंत लागतात आणि होकार १ जूनपर्यंत कळवायचा असतो. थेट आलेल्या मुलांना मित्र, लॅब आणि इंटर्नशिप शोधायला चार वर्षं असतात, तुम्हाला दोन. बर्कली आणि मर्सेड सोडले तर बाकी कॅम्पस क्वार्टरचे, दहा आठवड्यांत विषय संपतो, आणि सेमिस्टरच्या कॉलेजातून आलेल्या मुलाची तिसऱ्या आठवड्यातच मिडटर्म येते. पहिल्या टर्मला ग्रेड घसरणं इतकं सर्रास आहे की त्याला ट्रान्सफर शॉक असं नावच पडलंय. पहिल्या क्वार्टरला मेजरचे दोनच अवघड विषय घ्या आणि तिसरा हलका ठेवा.

प्रवेशाच्या पत्रावर "प्रोव्हिजनल" हा शब्द असतो, तो शोभेचा नाही. अर्जात लिहिलेले स्प्रिंगचे विषय तसेच पूर्ण करायचे असतात. एखादा सोडला, बदलला किंवा त्यात डी पडला, तर कॅम्पसला लगेच कळवायचं. स्वतःहून कळवलं तर पुष्कळदा मार्ग निघतो, त्यांना ट्रान्सक्रिप्टवरून, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावरून, कळलं तर अवघड जातं. शेवटची ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचवायची असते, आणि ती जिथे जिथे एक जरी विषय घेतला त्या प्रत्येक कॉलेजातून, अकरावीच्या उन्हाळ्यातल्या त्या एका क्लाससकट.